घोडपदेवहून दिसलेलं मॅग्नेशियम

वर्ध्याहून मुंबईला जाणारी माणसं समुद्र बघायला जातात, मंत्रालयात खेटे घालायला जातात, नाहीतर मोठ्या डॉक्टरला दाखवायला जातात. मी आकाश बघायला गेले. परत आल्यावर हे ज्यांना सांगितलं, त्यांनी आधी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मग माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, "वहिनींचं सगळं बरं आहे ना?" त्यांची चूक नाही. आमच्या गच्चीवरून हिवाळ्यात आकाशगंगेचा पट्टा दिसतो, आणि घोडपदेवच्या चाळीच्या गॅलरीतून दिसतात समोरच्या चाळीचे वाळत घातलेले कपडे. तरी मी तिथेच गेले, आणि जे बघायला गेले होते ते तिथूनच दिसलं. ते कसं, हे एकदाच लिहून टाकते, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

मी वर्ध्याच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. चाळिशी उलटल्यावर मला पीएच.डी. करायची बुद्धी झाली. विषय, दूरच्या दीर्घिकांभोवतीचा वायू. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची वसाहत. फोटोत ती जिथे संपलेली दिसते तिथे ती संपत नाही. तिच्याभोवती कितीतरी दूरवर विरळ वायू पसरलेला असतो. त्यातूनच पुढे तारे घडतात, आणि तारे मेले की त्यांच्यातला माल पुन्हा त्यातच जाऊन पडतो. अडचण एवढीच की हा वायू स्वतः जवळपास दिसतच नाही. म्हणून आम्ही लोक त्याच्या मागे दिवा शोधतो. क्वेसार हा तो दिवा. आणखी खूप लांब, कुठल्यातरी दीर्घिकेच्या पोटातलं कृष्णविवर आजूबाजूचं द्रव्य गिळत असतं, आणि आत पडता पडता ते द्रव्य इतकं तापून उजळतं की विश्वाच्या दुसऱ्या टोकाला दिसावं. त्याचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेतल्या वायूला हप्ता देऊन येतो. काही ठरावीक रंग वायू ठेवून घेतो. दुर्बिणीने त्या प्रकाशाचे रंग उलगडून पट्टा केला, की गेलेल्या रंगांच्या जागी खाचा दिसतात. खाच कुठे आहे त्यावरून वायू कशाचा आणि किती लांबचा ते कळतं.

माझ्याकडे अशी एक खाच होती. चार वर्षं मी तिच्या जिवावर जगत होते. ती मॅग्नेशियमची आहे असा माझा दावा होता. पण मॅग्नेशियम एकटी खाच पाडत नाही, शेजारी शेजारी दोन पाडतं. माझ्या जुन्या, धूसर वर्णपटात मात्र एकच पसरट खड्डा दिसत होता. त्या खड्ड्यात दोन खाचा आहेत की एक, हे मोठ्या दुर्बिणीतून बघितल्याशिवाय ठरणार नव्हतं. दोन निघाल्या तर प्रबंध. एक निघाली तर काय, हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

मोठी दुर्बीण दक्षिण अमेरिकेतल्या एका वाळवंटी डोंगरावर आहे. हल्ली तिथे जावं लागत नाही. तिथल्या माणसाशी इंटरनेटवरून बोलत, स्क्रीनवर बघत काम होतं, आणि तिकडची रात्र म्हणजे आपला दिवस, म्हणजे जागरणही नाही. आम्हाला अर्धी रात्र मिळाली होती. अर्ज माझे गाईड गावडे सर यांच्या नावाने होता, त्यामुळे नियमाप्रमाणे त्यांनी लाइनवर असायलाच हवं होतं. सरांच्या संस्थेत या कामासाठी एक छान थंडगार खोली आहे. पण सर बाथरूममध्ये घसरले, पाय मोडला, प्लास्टर लागलं. घर चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

"तुम्हीच इकडे या," सर फोनवर म्हणाले. "लॅपटॉप घेऊन या. चांगला चालणारा."

मंगळवार. दादर, घोडपदेव

सकाळी दादरला उतरले तेव्हा फुलांचा बाजार भरात होता. झेंडूच्या ढिगातून वाट काढत टॅक्सीपर्यंत गेले. टॅक्सीवाल्याने चाळीच्या अलीकडच्या नाक्यावर सोडलं, म्हणून एका इस्त्रीवाल्याला पत्ता विचारला. आमच्याकडे पत्ता विचारला तर माणूस दारापर्यंत सोडायला येतो, वाटेत आपण कुणाच्या कोण हे काढतो, आणि शेवटी चुकीच्या घरी नेतो. इस्त्रीवाला मान वर न करता म्हणाला, "पुढे जा, डावीकडे, निळी पाण्याची टाकी." मला जरा अपमान वाटला. पत्ता मात्र अचूक होता.

तिसऱ्या मजल्यावर गावडे काकींनी दार उघडलं. सरांच्या या आई ऐंशीच्या पुढच्या आहेत. गिरण्या चालू होत्या तेव्हा याच दोन खोल्यांत त्या गिरणी कामगारांना जेवण घालत, आणि समोरच्या माणसाने जेवणावर मत द्यायचं नसतं ही त्यांची समजूत तेव्हापासूनची आहे.

मी गोरसपाकाचा डबा पुढे केला. त्यांनी एक तोडून खाल्ला. "बिस्कीट?"

"गोरसपाक. आमच्या वर्ध्याचा खास."

"बरो आसा," त्या म्हणाल्या, आणि डबा मांडणीवर सगळ्यात वर, पुन्हा कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवला. मग ताट मांडता मांडता विचारलं, "बांगडो खातस मां?"

मी म्हटलं, मी मासे खात नाही.

त्या हातातला डाव घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "मासे खाणस नाय? मगे जगतस तरी कशी गो?"

मला काळ्या वाटाण्याचं सांबार आणि घावणे मिळाले. तीन दिवस मी तेच खाल्लं आणि माझी तक्रार नाही. आमच्या तिखटाला अभिमान फार असतो, सगळ्यात आधी तेच बोलतं. काकींच्या सांबाराला घाई नव्हती. घास गिळल्यावर मागून सावकाश, भाजलेल्या खोबऱ्यासकट समजायचं.

सर आतल्या खोलीत पलंगावर होते. चार वर्षांत आम्ही चारदाच समोरासमोर भेटलो असू, बाकी सगळं ईमेलवर. ईमेलमध्ये ते उंच वाटतात. इथे बनियन घातलेला, प्लास्टरचा पाय उशीवर ठेवलेला, साठीला आलेला माणूस होता आणि त्याला स्वतःच्या आईच्या परवानगीशिवाय चहा मिळत नव्हता.

संध्याकाळी गॅलरीत उभी होते, तर शेजारच्या खोलीतून नंदू परब आले. टापटीप इस्त्रीचा शर्ट, हातात फोन, पन्नाशीचे.

"मॅडम, तुम्ही गॅसच्या ना?"

"हो," मी म्हटलं. सरांनी सांगितलं असेल असं मला वाटलं. "म्हणजे, गॅसवरच काम आहे माझं."

"वर्ध्यावरून आलात खास?"

"हो."

"मग आमच्याकडे कधी येणार?"

इथे मला कळलं की आम्ही दोघं वेगवेगळ्या गॅसबद्दल बोलतोय. रे रोडच्या बाजूच्या एका नव्या टॉवरला पाइपचा गॅस आला होता आणि चाळीला अजून सिलिंडरच चढवावे लागत होते. मी घाईघाईने खुलासा केला. तो गॅस नाही, अंतराळातला, लांबच्या दीर्घिकांभोवतीचा. परबांनी सगळं ऐकून घेतलं आणि इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

"समजलं मॅडम. तुम्हाला आधी सांगता येत नसणार. सर्वे गुपचूपच असतो. मी कुणाला बोलत नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या रांगेत सगळा मजला मला आधी जागा देत होता.

बुधवार. गिरगाव

चाळीत वीज जाते, म्हणून सरांनी मला बॅटरीचा बॅकअप, ज्याला सगळे यूपीएस म्हणतात, तो आणायला ग्रँट रोडजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात पाठवलं. दुकानदाराने विचारलं, किती लोड आहे? मी म्हटलं, लॅपटॉप आणि वायफायचा डबा. "बस? उसपे तो अर्धा तास आरामात खेचेल," तो म्हणाला, आणि तिसरं काही लावू नका असं दोनदा बजावलं. मी ते लक्षात ठेवलं. घरी सांगायचं राहिलं.

जेवायला चालत गिरगावात गेले. एका जुन्या खानावळीत वेटरने माझ्या समोरच्या रिकाम्या खुर्चीवर एका गृहस्थांना आणून बसवलं, मला न विचारता. वर्ध्यात असं झालं असतं तर एकतर भांडण झालं असतं नाहीतर सोयरीक. इथे ते गृहस्थ ताटाकडे बघत जेवले, मीही जेवले, आणि उठताना त्यांनी लिंबाची फोड माझ्याकडे सरकवली. "मी घेत नाही," एवढंच बोलले. मला हे फार आवडलं. एवढी गर्दी आणि एवढी शिस्तशीर एकटेपणाची सोय मी दुसरीकडे पाहिली नाही.

यूपीएस दोन्ही हातांत धरून तिसरा मजला चढले, तर गॅलरीत तोरणं लागत होती. परबांच्या मुलीचं, सायलीचं, शुक्रवारी लग्न आणि गुरुवारी हळद. बेंजो पार्टी, म्हणजे वाजवणारे, सांगितलेले. गुरुवारी म्हणजे नेमकं आमच्या अर्ध्या रात्रीच्या दिवशी.

"किती वाजता आहे हळद?" मी विचारलं.

"मुहूर्त दुपारचा," परब म्हणाले. "पण बेंजो सकाळपासूनच बसेल. एकुलती एक पोरगी आहे मॅडम."

मी सांगितलं की दुपारी आमचं दूर देशातल्या माणसांशी बोलणं असतं, ऐकू आलं नाही तर सगळं वाया जाईल. परबांनी डोळे बारीक केले. "फॉरेनची कंपनी आहे?" मी पुन्हा कपाळाला हात लावून खुलासा सुरू करणार, तेवढ्यात ते म्हणाले, "जेवणं होईपर्यंत बेंजो बंद. शब्द दिला. चाळीच्या भल्याचं आहे." आणि पोरांना ओरडायला गेले. खरं सांगूनही मला खोट्याचा फायदा मिळत होता. मी सांगणं सोडून दिलं.

त्या संध्याकाळी सरांशी मात्र वेगळं बोलणं झालं. दुर्बिणीच्या कार्यक्रमात दोन क्वेसार होते. पहिला सरांचा, दुसरा माझा. सरांचा पश्चिमेला लवकर उतरणारा, म्हणून आधी तो, मग माझा. सरांच्या क्वेसारच्या वाटेत एक जुनाट, तारे घडवणं थांबवलेली दीर्घिका आहे. तिच्याभोवती अजून वायू आहे का, आणि असेल तर ती त्यातून तारे का घडवत नाही, हा त्यांचा वीस वर्षांचा प्रश्न. आधी दोनदा वेळ मिळाला होता. एकदा बर्फ पडला, एकदा यंत्र बिघडलं.

"पुन्हा मागता येईल ना, सर," मी म्हटलं.

"मी डिसेंबरला रिटायर होतोय. त्यानंतर माझ्या नावाने अर्ज चालत नाही." त्यांनी पायावरचं पांघरूण सारखं केलं. "ते असो. तुमचं काम महत्त्वाचं आहे. फक्त माझ्यानंतर."

गुरुवार. तिसरा मजला

सकाळी लाइन जुळली. पलीकडे इनेस नावाची दुर्बीण चालवणारी बाई होती, तिचं इंग्रजी गोड आणि सावकाश. तिने पहिलंच वाक्य सांगितलं ते असं की डोंगरावर ढग आहेत.

ढग आले की दुर्बीणवाले काय करतात, हे कुणी विचारत नाही म्हणून सांगते. बसतात. आम्ही बसलो. स्क्रीनवर आकाशाच्या कॅमेऱ्याचं करड्या दुधासारखं चित्र होतं आणि सर दर थोड्या वेळाने "पश्चिमेकडे जरा उघडतंय" म्हणत होते. पश्चिमेकडे काही उघडत नव्हतं. काकी दोनदा येऊन स्क्रीन बघून गेल्या. "ह्या बघूक इलस इतक्या लांबसून?" त्यांनी मला विचारलं. गॅलरीत बायका ओव्या म्हणत होत्या, उखळ-मुसळाला हळकुंड बांधलेलं दिसत होतं, आणि बेंजोवाले परबांच्या शब्दाखातर वाद्यं मांडीवर घेऊन गप्प बसले होते. त्यांचे चेहरे साधारण आमच्यासारखेच होते.

ढग हटले तेव्हा तिकडची पहाट जवळ आली होती. इनेस म्हणाली, "आता एकालाच वेळ आहे. कुठला घेऊ?"

सरांचा क्वेसार क्षितिजाकडे झुकला होता. इतक्या खालून येणारा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, थरथरतो. माझा डोक्यावर होता.

"सर?"

सर स्क्रीनकडे बघत राहिले.

"सर, तुमचा खूप खाली गेलाय."

"दिसतंय मला." आणि लगेच, "खाली असताना सुद्धा चांगला डेटा मिळालेला आहे पूर्वी."

"पण माझा वर आहे."

"तुमचा पुढच्या वर्षीही वर असेल, नीलिमा."

"आणि मी? माझी मुदत मार्चला संपते सर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "दोन मिनिटं थांबायला सांगा तिला. मला विचार करू दे."

मी इनेसला थांबायला सांगितलं, आणि दिवे गेले.

आमचेच नाहीत, पूर्ण मजल्याचे. परबांच्या पाहुण्यांनी दोन मोठे कूलर एकदम लावले होते. मी घाबरले नाही, कारण आमच्याकडे यूपीएस होता. तो एकदा केविलवाणा कुईं करून बंद पडला. मी त्याच्या मागे वायर बघत गेले. लॅपटॉपची वायर, वायफायची वायर, आणि तिसरी एक जाड वायर थेट स्वयंपाकघरात, काकींच्या मिक्सरपर्यंत. भांड्यात ओलं खोबरं होतं.

"ह्याच्यार बरो चलता," काकी म्हणाल्या. "भिंतीतलो प्लग सैल झालोहा."

फोनवरून इंटरनेट घ्यावं म्हटलं, तर माझ्या फोनला आमच्या खोलीत रेंज नव्हती. गॅलरीत गेले, तर तिथे निम्मे पाहुणे आपापल्या नातेवाईकांना हळद व्हिडिओवरून थेट दाखवत होते, त्यामुळे तिथलं नेट अडलेलं. मी लॅपटॉप उघडा धरून त्या गर्दीत फिरत होते आणि सगळे आदराने बाजूला होत होते, बहुधा पाइप कुठून न्यायचा ते मी बघत्येय असं समजून.

"मॅडम, काय झालं?" हा आवाज नवरीचा होता. सायली दाराशी पाटावर बसली होती, तोंड, हात, मान सगळं पिवळं. मी सांगितलं, इंटरनेट गेलं, पलीकडे बाई वाट बघत्येय. "माझ्या फोनला इथे चांगली रेंज असते," ती म्हणाली. "ऑफिसचं काम मी इथेच बसून करते. घ्या. माझे हात भरलेत. लॉक तुम्हीच उघडा, बोटाने उलटा एल काढा." मी तिच्या पर्समधून फोन काढला, उलटा एल काढला, आणि तिच्या पाटाशेजारी फरशीवर बसले. त्या एका कोपऱ्यातच रेंज होती. सरांचा पलंग भिंतीच्या पलीकडे होता.

लाइन जुळली. इनेस म्हणाली, "तुमचा आवाज गेला. मी थोडा वेळ थांबले. मग नियमाप्रमाणे यादीतला पहिला सुरू केला."

यादीतला पहिला सरांचा होता. स्क्रीनवर तो दिसत होता, प्रकाश आत घेणाऱ्या बारीक फटीच्या मधोमध धरलेला, थरथरणारा, अंधुक. एक्सपोजर, म्हणजे प्रकाश साठवणं, चालू होतं. मी काही केलं नसतं, बोलले नसते, तरी सरांना हवं ते आपोआप होत होतं. ते पूर्ण होईपर्यंत तिकडे उजाडणार होतं. मला भयंकर राग आला. राग कुणावर धरायचा तेही कळेना. मिक्सरवर?

शेवटी मी भिंतीकडे तोंड करून ओरडले, "सर! तुमच्यावर लागलीय दुर्बीण! सुरू झालंय!"

ओव्या थांबल्या.

"सर, ऐकू येतंय का?"

"येतंय." मुसळ धरलेल्या बायकाही भिंतीकडे बघत होत्या. सर म्हणाले, "तारा किती पसरट दिसतोय?"

मी आकडा वाचून दाखवला. तारा जितका पसरट तितका डेटा धूसर, आणि हा आकडा वाईट होता. मी कमी करून सांगितला नाही, वाढवूनही नाही.

"माझं थांबवायला सांगा," सर म्हणाले. "तुमच्याकडे वळवा."

"नक्की, सर?"

"मला दोनदा ओरडायला लावू नका. पाय दुखतो."

मी इनेसला सांगितलं. तिने विचारलं, खात्री आहे? मी म्हटलं, माझ्या गाईडची आहे. दुर्बीण वळली. वळायला जो वेळ लागला त्यात कुणीतरी माझ्या गालाला हळद लावली. मी नको म्हणेपर्यंत दुसऱ्या गालालाही लागली होती.

एक्सपोजर संपलं आणि वर्णपट ओळीओळीने स्क्रीनवर उतरला. मी खड्ड्याची जागा शोधली. बोट हळदीचं होतं, त्याचा डाग स्क्रीनवर पडला आणि क्षणभर मला वाटलं की मधली जागा त्या डागामुळेच दिसत्येय. पदराने पुसलं. मधली जागा तशीच राहिली. खड्डा नव्हताच. दोन खाचा होत्या, शेजारी शेजारी, डावीकडची थोडी जास्त खोल, मधे स्वच्छ उंचवटा. मॅग्नेशियम. पृथ्वी तयार व्हायच्या आधी निघालेल्या प्रकाशात, वाटेतल्या दीर्घिकेच्या कडेपासून इतक्या लांब की तिथे काही असेल असं फोटो बघून कुणी म्हणालं नसतं.

मला रडू आलं. हळदीत रडलेलं चालतं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. सायलीच्या आत्याही रडायला लागल्या.

रेंजच्या बाहेर गेलं तरी चित्र स्क्रीनवर राहतं. मी लॅपटॉप उचलून सरांकडे नेला. त्यांनी चष्मा काढून डोळे जवळ नेले. दोन्ही खाचांमधलं अंतर बोटाने मोजलं, मग मला भागाकार करायला लावला, मग स्वतः पुन्हा केला.

"दोन आहेत," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, "तुमच्या गालाला काय लागलंय?"

परब दारात आले होते. बेंजो सुरू करू का विचारायला. "मॅडम, गॅस मिळाला?"

"मिळाला."

"कुठे?"

"खूप लांब आहे हो."

त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. "म्हणजे इथपर्यंत यायला वेळ लागणार." मग ते वळून ओरडले, "चालू करा रे!" आणि इतक्या वेळ दाबून धरलेला बेंजो असा सुटला की मांडणीवरचे डबे हलले. काकींनी मिक्सर चालू नाही म्हणून खोबरं पाट्यावर घेतलं होतं. त्या दिवशी दुपारी मला सांबार जरा उशिरा मिळालं.

शनिवार. परळ

शुक्रवारचं लग्न लालबागच्या हॉलमध्ये झालं. मी अहेर घेऊन गेले, वरच्या पंगतीला बसवली गेले, आणि सायलीच्या सासऱ्यांनीही मला त्यांच्या इमारतीबद्दल विचारलं. ते वगळते.

शनिवारी सरांचं प्लास्टर परळच्या हॉस्पिटलात दाखवायचं होतं आणि संध्याकाळी माझी गाडी होती. परबांनी आणि लग्नाहून उरलेल्या दोन पाहुण्यांनी सरांना लाकडी खुर्चीत बसवून तीन मजले खाली उतरवलं. प्रत्येक वळणावर सर "जपून" म्हणत होते आणि काकी वरून "हळू" म्हणत होत्या. मी प्लास्टरचा पाय धरला होता, त्यामुळे गुरू-शिष्याचं नातं त्या दिवशी फारच शब्दशः झालं.

टॅक्सी यायची होती. सर फुटपाथवर खुर्चीतच बसून राहिले. महिन्याभरात पहिल्यांदाच बाहेर आले होते. त्यांनी रस्ता बघितला, समोरचं नवं दुकान बघितलं. मी धीर करून विचारलं.

"सर, तुम्ही थांबवायला का सांगितलंत?"

"आकडा ऐकलात ना तुम्ही? तसला डेटा घेऊन मी आणखी वीस वर्षं त्यात वायू शोधत बसलो असतो. आणि सापडलाही असता. हवं ते सापडतं तसल्या डेटात."

"एवढंच?"

"एवढंच." ते थोडे चिडले. "तुम्हाला आणखी काय हवंय?"

मला आणखी काही नको होतं. तेवढ्या सुरू झालेल्या एक्सपोजरमध्ये काय आलं ते मी आदल्या दिवशी बघितलं होतं. त्यांनीही बघितलं असणार, कारण सकाळी लॅपटॉप मी ठेवला त्यापेक्षा वेगळ्या जागी होता. त्यात काहीच नव्हतं, वेड्यावाकड्या रेषांचा नुसता गोंगाट.

टॅक्सी आली. परबांनी आणि मी सरांना मागच्या सीटवर आडवं बसवलं, पाय खिडकीशी. मी पुढचं दार उघडलं, तर सर म्हणाले, "एक मिनिट." त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला. ईमेलमध्ये ते कधी अडखळत नाहीत.

"पुढच्या वर्षी तुमची पीएच.डी. झालेली असेल. मग अर्ज तुमच्या नावाने करता येतो."

"हो सर."

"त्यात दुसरा, तिसरा, कुठलाही एक माणूस म्हणून माझं नाव घालाल का, मॅडम?"

चार वर्षांत त्यांनी मला नीलिमा सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. मी पुढच्या सीटवर बसून दार लावून घेतलं, म्हणजे माझं तोंड त्यांना दिसू नये.

"घालेन," मी म्हटलं. "पण आधी कुठला क्वेसार घ्यायचा ते मी ठरवणार."

टॅक्सी लालबागच्या पुलाखाली सिग्नलला थांबली.

"त्यावर आपण भांडू," सर म्हणाले.